उद्या सकाळी हाच माणूस राष्ट्राध्यक्ष झाला तर?

वाचकाचं पत्र

ताई,
मी सांगलीत बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय राज्यशास्त्र. आमच्या आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेचा यंदाचा विषय असा आहे: ‘पुन्हा निवडणूक लढवताना अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाने गरज पडल्यास आपला उपाध्यक्ष बदलावा.’ चिठ्ठ्या टाकल्या आणि आमच्या संघाला अनुकूल बाजू आली. माझी अडचण अशी की मला हे मनापासून पटत नाही. ज्याने चार वर्षं साथ दिली त्याला ऐन निवडणुकीत दूर करायचं, हा मला विश्वासघात वाटतो. माझा जोडीदार म्हणतो, भावना बाजूला ठेव, मतं वाढत असतील तर बदलावा एवढंच बोलायचं. बाबा म्हणतात, राजकारणात सगळं मतांसाठीच चालतं, त्यात वाईट वाटून काय घ्यायचं? मला यातलं काहीच गळी उतरत नाही. न पटणारी बाजू मांडावी का? आणि मांडायची तर कशाच्या आधारावर?
— सांगलीची एक वाचक

प्रिय वाचक,

तुझ्या जोडीदाराचा मुद्दा आधी सोडून दे. ‘मतं वाढत असतील तर बदलावा’ एवढ्यावर उभी राहिलीस, तर समोरचा संघ दोन उदाहरणांत तुमचं खंडन करेल, कारण इतिहास त्या मुद्द्याला साथ देत नाही. तुला वाटणाऱ्या विश्वासघातात मात्र तथ्य आहे. फक्त तो तू शोधते आहेस तिथे नाही. तो नेमका कुठे आहे हे कळलं की ही बाजू तुला परकी वाटणार नाही, अशी माझी खात्री आहे.

सुरुवात त्या पदापासून कर. आपल्याकडचे विद्यार्थी बहुतेक वेळा इथेच चुकतात, कारण डोळ्यांसमोर आपले उपराष्ट्रपती असतात. आपले उपराष्ट्रपती संसदेच्या दोन्ही सभागृहांचे सदस्य निवडतात. राष्ट्रपतींचं निधन झालं तर ते तात्पुरता कारभार पाहतात आणि सहा महिन्यांच्या आत नवी निवडणूक घ्यावी लागते. १९६९मध्ये झाकीर हुसेन गेले तेव्हा व्ही. व्ही. गिरी, आणि १९७७मध्ये फखरुद्दीन अली अहमद गेले तेव्हा बी. डी. जत्ती असेच हंगामी राष्ट्रपती झाले होते. अमेरिकेत हंगामी वगैरे काही नाही. राष्ट्राध्यक्ष गेला की उपाध्यक्ष शपथ घेतो आणि उरलेली सगळी मुदत तोच राष्ट्राध्यक्ष असतो, मग ती दोन महिन्यांची असो की पावणेचार वर्षांची. लोकांना पुन्हा विचारलं जात नाही.

हे क्वचित घडतं असं समजू नकोस. आजवर ८ राष्ट्राध्यक्ष पदावर असताना मरण पावले, त्यांतल्या ४ जणांची हत्या झाली, आणि एकाने राजीनामा दिला. ते पद आजवर ४५ माणसांनी भूषवलं, त्यांतले ९ जण पहिल्यांदा त्या खुर्चीत बसले ते असे, उपाध्यक्षपदावरून. म्हणजे पाचात एक. हा आकडा पहिल्याच मिनिटात सांग आणि तो सांगून क्षणभर थांब.

आता दुसरी गोष्ट, जी तुमच्या बाजूचा पाया आहे. राष्ट्राध्यक्ष आपल्या मंत्र्याला एका दिवसात घरी पाठवू शकतो, पण उपाध्यक्षाला काढू शकत नाही. तोही निवडून आलेला असतो. त्याला हटवायचं तर महाभियोगाखेरीज मार्ग नाही. साहजिकच, चार वर्षांपूर्वी केलेली निवड चुकली असं वाटलं, तर ती दुरुस्त करायची वेळ एकच: पुढच्या निवडणुकीची उमेदवारी ठरते ती. ती संधी निव्वळ संकोचापोटी दवडली, तर पुढची चार वर्षं ती चूक तशीच राहते.

मग विचारायचं काय? ‘याच्यामुळे किती मतं मिळतील?’ हा प्रश्न सोपा आहे, म्हणूनच सगळे तो विचारतात. खरा प्रश्न असा: उद्या सकाळी राष्ट्राध्यक्ष नसेल आणि हा माणूस त्या टेबलामागे बसलेला असेल, तर देश याच्या हाती द्यायला आपण तयार आहोत का? उत्तर ‘नाही’ असेल तर बदल करणं हे कर्तव्यच आहे, मग त्याने चार मतं कमी का होईनात. उत्तर ‘हो’ असेल तर निव्वळ मतांसाठी त्याला दूर करू नये. तुमची सगळी मांडणी या प्रश्नावर उभी कर. खालची उदाहरणंही त्याच क्रमाने लावली आहेत.

सगळ्यात जास्त वेळ १९४४ला दे. फ्रँकलिन रूझवेल्ट चौथ्यांदा उभे राहणार होते. दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं. त्या वर्षी मार्चमध्ये बेथेस्डाच्या नौदल रुग्णालयात डॉ. हॉवर्ड ब्रून यांनी त्यांना तपासलं तेव्हा रक्तदाब फार वाढलेला आणि हृदय निकामी होत चाललेलं आढळलं. जनतेला हे कळू दिलं गेलं नाही. पण डेमोक्रॅटिक पक्षाच्या आतल्या मंडळींना राष्ट्राध्यक्षांचा चेहरा दिसत होता. अध्यक्ष रॉबर्ट हॅनेगन, खजिनदार एडविन पॉली, ब्राँक्सचे एड फ्लिन ही माणसं सरळ बोलत होती: यंदा आपण उपाध्यक्षाचं नाव ठरवतो आहोत असं वाटेल, पण ठरवतो आहोत ते पुढच्या राष्ट्राध्यक्षाचं.

तेव्हाचे उपाध्यक्ष हेन्री वॉलेस. मूळचे आयोवाचे, मक्याच्या संकरित बियाण्यांवर काम केलेले, साडेसात वर्षं कृषिमंत्री राहिलेले. कामगारांचे लाडके, आणि काळ्या नागरिकांच्या हक्कांबद्दल स्पष्ट बोलणारे. मला हा माणूस आवडतो, आणि तू त्यांच्याबद्दल हलकं बोलू नयेस अशी माझी इच्छा आहे. पण सिनेटमध्ये त्यांना मित्र जवळजवळ नव्हते, दक्षिणेकडचे डेमोक्रॅट त्यांच्या विरोधात होते, सोव्हिएत रशियाबद्दल त्यांना वाटणारा विश्वास अनेकांना भाबडा वाटत होता. शिवाय कुलू खोऱ्यात नग्गरला स्थायिक झालेल्या निकोलस रोरिक या रशियन चित्रकाराला त्यांनी ‘गुरू’ म्हणून लिहिलेली पत्रं विरोधकांच्या हाती लागली होती. (सवड मिळाली तर रोरिकबद्दल वाच, भाषणात मात्र आणू नकोस. परीक्षक भलतीकडे जातील.)

पक्षाच्या शिकागोच्या अधिवेशनात मतदानाच्या पहिल्या फेरीत वॉलेसच पुढे होते. दुसऱ्या फेरीत पारडं फिरलं आणि मिसुरीचे सिनेटर हॅरी ट्रूमन उमेदवार झाले. २० जानेवारी १९४५ला त्यांनी उपाध्यक्षपदाची शपथ घेतली, १२ एप्रिलला रूझवेल्ट गेले. मध्ये फक्त ८२ दिवस. अणुबॉम्बच्या प्रकल्पाची सविस्तर माहिती ट्रूमन यांना युद्धमंत्री हेन्री स्टिम्सन यांनी दिली ती २५ एप्रिलला, म्हणजे राष्ट्राध्यक्ष झाल्यानंतर. शिकागोतल्या त्या दुसऱ्या फेरीने काय काय ठरवलं याचा विचार कर: हिरोशिमा, जर्मनीची फाळणी, मार्शल योजना, बर्लिनचा हवाई पुरवठा. हे सगळे निर्णय योग्यच होते असं मी म्हणत नाही, हिरोशिमाबद्दल तर मुळीच नाही. पण ज्यांनी तो बदल घडवला त्यांनी योग्य प्रश्न विचारला होता, एवढं निश्चित.

इथे समोरचा संघ म्हणेल की ट्रूमन यांची निवडही गटातटांच्या तडजोडीतूनच झाली, दक्षिणेलाही चालतील आणि कामगार संघटनांनाही चालतील म्हणून. ते खरं आहे. मान्य कर. मग सांग, की तडजोड होतीच, पण ती करणाऱ्यांना माहीत होतं की आपण निवडतो तो माणूस लवकरच त्या खुर्चीत बसणार आहे.

याच्या शेजारी १८६४ ठेव. वरून पाहिलं तर गोष्ट तीच. युद्ध चालू (इथे उत्तर-दक्षिणेचं यादवी युद्ध), राष्ट्राध्यक्ष मोठा, उपाध्यक्ष बदलला. लिंकन यांचे उपाध्यक्ष हॅनिबल हॅमलिन मेनचे, गुलामगिरीचे कडवे विरोधक. मेन राज्य लिंकन यांच्या रिपब्लिकन पक्षाचंच होतं, तिथे त्यांच्यामुळे नवीन काही मिळणार नव्हतं. बाल्टिमोरच्या अधिवेशनात त्यांना वगळून टेनेसीच्या अँड्र्यू जॉन्सन यांना घेतलं गेलं. ते डेमोक्रॅट, दक्षिणेतले, आणि फुटून निघालेल्या राज्यांमधले संघराज्याशी एकनिष्ठ राहिलेले एकमेव सिनेटर. तिकिटावर असं नाव असलं की सीमेवरच्या राज्यांतली आणि युद्धाला पाठिंबा देणाऱ्या डेमोक्रॅटांची मतं येतील, हा हिशेब. या बदलात लिंकन यांचा स्वतःचा हात किती होता यावर इतिहासकारांमध्ये वाद आहे, तेव्हा ‘लिंकनने बदलला’ असं ठासून म्हणू नकोस. ‘लिंकनच्या पक्षाने बदलला’ म्हण.

आता पाहा. ती निवडणूक लिंकन यांनी २१२ विरुद्ध २१ अशा इलेक्टोरल मतांनी (राज्याराज्यांना वाटून दिलेल्या मतांनी) जिंकली. जॉन्सन यांच्या नावामुळे? सप्टेंबरच्या सुरुवातीला उत्तरेचे सेनापती शर्मन यांच्या सैन्याने दक्षिणेतलं अटलांटा घेतलं आणि उत्तरेचा सूर पालटला, हे त्याचं मोठं कारण. मतांसाठी केलेला बदल मतांसाठीही फारसा लागला नाही. आणि ४ मार्च १८६५ला उपाध्यक्षपदाची शपथ घेताना जॉन्सन सिनेटसमोर दारूच्या अंमलाखाली बरळले. त्यानंतर सहा आठवड्यांत लिंकन यांची हत्या झाली आणि नुकत्याच मुक्त झालेल्या चाळीस लाख माणसांचं भवितव्य या गृहस्थाच्या हाती गेलं. त्यांनी १८६६चा नागरी हक्कांचा कायदा नकाराधिकाराने अडवला, काँग्रेसने तो नकार मोडून काढला. चौदाव्या घटनादुरुस्तीला विरोध केला. मुक्त झालेल्या लोकांना दिलेल्या जमिनी जुन्या मळेवाल्यांना परत मिळवून दिल्या. १८६८मध्ये महाभियोग चालला, ३५ विरुद्ध १९. दोन तृतीयांशाला एक मत कमी पडलं म्हणून वाचले. त्या जमिनी गेल्याचं दुःख पुढच्या कितीतरी पिढ्यांनी सोसलं. मतांचा हिशेब करणाऱ्या एकाने जरी बाल्टिमोरमध्ये तो दुसरा प्रश्न विचारला असता, तर कदाचित हे टळलं असतं. मला हे वाचताना आजही चीड येते, आणि तुझ्या भाषणात ती चीड दिसली तर चांगलंच आहे.

(हॅमलिन यांनी काय केलं माहीत आहे? त्याच उन्हाळ्यात, देशाचे उपाध्यक्ष असताना, मेनच्या राज्य दलात साधे शिपाई म्हणून भरती होऊन काम केलं. असा माणूस वगळला गेला.)

समोरचा संघ ही गोष्ट तुमच्याच विरुद्ध वापरेल, ‘पाहा, बदलल्याने काय झालं!’ तेव्हा ती त्यांनी काढायच्या आधी तूच काढ, आणि दाखव की बदल केला ही चूक नव्हती, चुकीचा प्रश्न विचारून केला ही होती.

बाबांसाठी १९७६. राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांचे उपाध्यक्ष नेल्सन रॉकफेलर. दोघांनाही लोकांनी निवडलं नव्हतं. १९६७च्या पंचविसाव्या घटनादुरुस्तीनुसार रिकाम्या उपाध्यक्षपदावर आधी फोर्ड आणि मग रॉकफेलर काँग्रेसच्या संमतीने आले होते. पक्षातल्या उजव्या गटाला रॉकफेलर नको होते आणि रोनाल्ड रेगन आव्हान देणार अशी चिन्हं होती. त्यांना शांत करण्यासाठी नोव्हेंबर १९७५मध्ये रॉकफेलर यांना माघार जाहीर करायला लावली. त्याच महिन्यात रेगन यांनी उमेदवारी जाहीर केलीच! कॅन्ससच्या बॉब डोल यांना सोबत घेऊन फोर्ड लढले आणि २९७ विरुद्ध २४० असे हरले. न्यूयॉर्कची ४१ इलेक्टोरल मतं डेमोक्रॅट जिमी कार्टर यांच्याकडे गेली. रॉकफेलर त्याच न्यूयॉर्कचे चार वेळा निवडून आलेले गव्हर्नर. २४०मध्ये ४१ मिळव आणि समोरच्या २९७मधून तेवढीच काढ. रॉकफेलर असते तर न्यूयॉर्क मिळालंच असतं असं कुणी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, तूही म्हणू नकोस. पण बाबांना कागदावर ही बेरीज करायला सांग. फोर्ड यांनी स्वतः पुढे हा निर्णय आपल्या राजकीय आयुष्यातली मोठी चूक आणि भ्याडपणा होता असं कबूल केलं.

आणि उलटी बाजूही आहे, जी बहुतेक वक्ते विसरतात. मतांसाठी माणूस न बदलणं हाही तोच दोष. १९७२मध्ये निक्सन यांना स्पिरो ॲग्न्यू नको होते. त्यांच्या मनात टेक्ससचे जॉन कॉनली होते. पण ॲग्न्यू पक्षाच्या कट्टर मतदारांचे आवडते होते, म्हणून ठेवले. ते मेरिलंडचे गव्हर्नर असतानाही कंत्राटदारांकडून लाच घेत होते आणि उपाध्यक्ष झाल्यावरही पाकिटं येतच होती, हे नंतर उघड झालं. ऑक्टोबर १९७३मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. ऑगस्ट १९७४मध्ये निक्सन यांनीही राजीनामा दिला. ॲग्न्यू यांचं प्रकरण आणखी वर्षभर दबून राहिलं असतं, तर व्हाइट हाऊसमध्ये कोण बसलं असतं? ॲग्न्यू यांना ठेवलं तेव्हा लाचेची बातमी बाहेर आलेली नव्हती हे खरं. पण आपला उपाध्यक्ष राष्ट्राध्यक्षपदाला लायक नाही असं निक्सन यांचं स्वतःचं मत होतं, आणि तरीही ठेवला.

बाकीची उदाहरणं ओझरती. १९९२मध्ये थोरल्या बुश यांनी डॅन क्वेल यांना ठेवलं, हरले. पण क्वेल यांच्यामुळे हरले असं म्हणता येत नाही, अर्थव्यवस्थेने हरवलं. २०११च्या शेवटी ओबामांच्या लोकांनी बायडन यांच्या जागी हिलरी क्लिंटन यांना आणलं तर काय होईल याची चाचपणी केली होती. फारसा फरक पडत नाही असं दिसलं आणि विषय संपला. मतदार मुख्यतः वरच्या नावाकडे पाहून मत देतो, एवढंच यातून घे. १९७२चं मॅकगव्हर्न आणि ईगलटन यांचं प्रकरण मात्र मांडू नकोस. उपाध्यक्षपदाची उमेदवारी मिळाल्यावर १८ दिवसांत ईगलटन यांना मागे घेतलं गेलं हे खरं, पण मॅकगव्हर्न राष्ट्राध्यक्ष नव्हते, आव्हान देणारे उमेदवार होते. तुमचा विषय तो नाही. समोरच्यांनी आणलं तर हेच उत्तर दे.

आता तुझ्या मनातल्या सलाकडे येते. विश्वासघात. उपाध्यक्षपद हे राष्ट्राध्यक्षाने मित्राला दिलेलं बक्षीस नव्हे. ते लोकांच्या वतीने ठेवलेलं पद आहे आणि त्याची उमेदवारी देतात ते पक्षाच्या अधिवेशनात जमलेले प्रतिनिधी. चार वर्षं प्रामाणिक काम केलं म्हणून पुढची चार वर्षं त्या पदावर हक्क तयार होत नाही. तसा हक्क मानला, तर निष्ठेची किंमत देश मोजतो, राष्ट्राध्यक्ष नाही. त्यामुळे बदल हा विश्वासघात नाही. विश्वासघात असतो तो पद्धतीत. १९४४चा निर्णय मला बरोबर वाटतो आणि त्याची रीत अतिशय वाईट वाटते. रूझवेल्ट यांनी वॉलेस यांना समोर बसवून सांगितलं नाही. मी प्रतिनिधी असतो तर वॉलेस यांना मत दिलं असतं असं पत्र त्यांनी अधिवेशनाला पाठवलं, आणि ट्रूमन किंवा न्यायमूर्ती विल्यम डग्लस चालतील असं दुसरं पत्र हॅनेगन यांच्या खिशात दिलं. आणखी एक इच्छुक जेम्स बर्न्स यांनाही आशेवर ठेवलं. वॉलेस आपल्याला राष्ट्राध्यक्षांचा पाठिंबा आहे असं समजून लढत राहिले. हे चुकीचं होतं आणि ते तू व्यासपीठावरून म्हणायला हवं.

राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी तर याच्या उलट करून तितकंच दुखावलं. सप्टेंबर १९५५मध्ये त्यांना हृदयविकाराचा झटका आला होता, त्यामुळे ‘उद्या सकाळी’चा प्रश्न त्यांच्यापुढे खरोखरच उभा होता. त्यांनी निक्सन यांना उपाध्यक्षपद सोडून एखादं मंत्रिपद घ्यायला सुचवलं, मग पत्रकारांना सांगितलं की निक्सन यांनी आपला मार्ग स्वतः ठरवावा. ‘हो’ नाही, ‘नाही’ नाही. महिनोन्महिने निक्सन लोंबकळत राहिले आणि शेवटी तेच उमेदवार झाले. बदलायचं असेल तर वेळेवर, तोंडावर आणि कारण सांगून बदलावं; ठेवायचं असेल तर तेही तसंच जाहीर करावं. तुला जे खुपतं आहे ते हे आहे. ते लपवू नकोस, तुमच्या बाजूचाच भाग करून मांड. ‘बदलावा, आणि असा बदलावा’ असं म्हणणारा संघ परीक्षकांना नुसतं ‘बदलावा’ म्हणणाऱ्यापेक्षा जास्त विचारी वाटेल.

न पटणारी बाजू मांडावी का, असं तू विचारलं आहेस. जी बाजू खोटी आहे असं पूर्ण शोधाअंती वाटतं ती मांडू नये, हे माझं मत, मग चिठ्ठी काहीही निघो. पण तू अजून शोधच घेतला नव्हतास. आता एकदा वाचून पाहा. तरीही पटलं नाही तर जोडीदाराला आणि सरांना आजच सांग, म्हणजे संघाला दुसरा वक्ता बघता येईल.

वेळेचं गणित असं ठेव: पाचात एक हा आकडा आणि पदाची ओळख एका मिनिटात, मग १९४४ आणि १८६४ समोरासमोर, त्यात निम्म्याहून जास्त वेळ. फोर्ड आणि ॲग्न्यू जोडीदाराला दे. मतांच्या मुद्द्याचं खंडन त्याच्याच तोंडून झालं तर त्यालाही ते पटेल. खंडनाच्या फेरीत परीक्षक बहुधा विचारतील, ‘१९४४मध्ये तुम्ही प्रतिनिधी असता तर वॉलेस यांच्या विरोधात मत दिलं असतं का?’ उत्तर गुळमुळीत देऊ नकोस. ‘हो’ म्हण, कारण सांग, आणि पुढे हेही सांग की मतदानाच्या आधी मी त्यांना जाऊन भेटले असते.

तुझी,
ताई